उत्तर: खान्देशात कुत्र्याला घेऊन पाण्याकाठी कुठे फिरता येईल?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात तीन आठवडे भुसावळला सासरी चाललेय. दिरांकडे लॅब्राडोर आहे, पोरं त्याला सोडून कुठे हलत नाहीत. पाण्याकाठी सपाट जागा सुचवा ना, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून चढ नको, आणि पक्षी-प्राणी दिसले तर फारच छान. पाटणादेवीला नेता येईल का त्याला?

---

ताई,
पाटणादेवीला जरूर जा पण कुत्रा घरी ठेवून. ते गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, तिकडे यावलच्या अभयारण्याचंही तेच, आणि हा नियम मला मनापासून पटतो, कारण कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा आजार कोल्ह्या-बिबट्यांनाही होतो.

तुम्ही सरळ हतनूरला जा. चांगदेवला तापी आणि पूर्णा एक होतात, तिथून खाली ते 41 दरवाज्यांचं धरण, आणि मागे जे उथळ पाणी पसरतं ना तिथे हिवाळाभर बदकांचा मेळा असतो. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, कडेच्या चिखलात लाल पायांचे शेकाट्ये. धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका, बॅकवॉटरच्या बाजूने गाडीवाटेने चाला, सगळं सपाट आहे, आजी पण येतील. सकाळी सूर्य पाठीशी राहील असं उभं राहिलं की रंग दिसतात.

पण पट्टा सोडायचा नाही, हे मी कळकळीने सांगतोय. मागच्या जानेवारीत भावाच्या कुत्र्याला मी तिथे मोकळं सोडलं, पाणी बघून तो चिखलातून जो सुटला तो थेट थव्यात. सगळे चक्रवाक एकदम उठले, केशरी अंग आणि पंखावरचे ते पांढरे पट्टे, ओरडत ओरडत पार पलीकडे गेले. हिमालय ओलांडून आलेले पक्षी हो ते, दिवसा जरा टेकलेले. तासभर थांबलो, एकही परत उतरला नाही. अजून वाईट वाटतं.
- वरणगावचा काका

---

काकांना अनुमोदन, आणि मार्चनंतर तर पट्टा पाहिजेच, टिटवी आणि नदी सुरय उघड्या वाळूत, खड्यांत अंडी घालतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत इतकी मातीसारखी दिसतात.

ताई, जळगावला आलात तर मेहरूण तलावावर सकाळी चक्कर मारा, वारकरी (काळा पाणपक्षी), पाणकावळे, खंड्या सहज दिसतात, आणि डिसेंबर-जानेवारीत मेहरूणची बोरं मिळतात, फक्त कुत्र्याला आठळ्या गिळू देऊ नका. उंच गवतात शिरू देऊ नका, उन्हाला घोणस पडलेली असते. घरी आलं की कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची. आणि रेबीजची लस झालीय ना ते दिरांना आत्ताच विचारा, गावाच्या वेशीवरची कुत्री अंगावर येतात, आपला लॅब भोळा असतो. वाटीभर पाणी सोबत न्या, धरणातलं पाजू नका.

---

काका, ताई, खूप आभार. दिरांना फोन केला, लस नोव्हेंबरात संपतेय म्हणाले, ती आधी देऊन घेतील. लांब पट्टा इथूनच घेऊन जाते, दुर्बीण धाकटीच्या गळ्यात. हतनूरहून येताना भरीत आणि कळण्याची भाकरी कुठे चांगली मिळते तेवढं सांगा काका, पोरांना एकदा चुलीवरचं खाऊ घालायचंय.