देण्यापूर्वी काढलेला फोटो : घर आवरतानाचे अनुभव

आमची मुलुंडची इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून घरातील माळे उतरवण्याचे काम चालू आहे. सासूबाईंनी जपलेले आणि पुढे आम्ही दोघांनी त्यात भर घातलेले बावन्न वर्षांचे सामान भाड्याच्या दोन खोल्यांत मावणार नाही, हे पहिल्याच दिवशी लक्षात आले. मुलीने सुचवले की, जी वस्तू द्यायची तिचा आधी फोटो काढावा आणि मगच ती दाराबाहेर न्यावी. मला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटला होता, पण दोनशे अकरा फोटो काढून झाल्यावर माझे मत पूर्णपणे बदलले आहे.

त्याचे कारण भांडी. आपल्याकडे भेट दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची पद्धत असल्यामुळे स्टीलच्या साध्या फुलपात्रावरही कुणी, कुणाला, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या तारखेला दिले याची ठिपक्याठिपक्यांची नोंद असते. मात्र चकचकीत भांड्याचा फोटो काढायला गेले की अक्षरांऐवजी आपलाच चेहरा आणि खिडकी उमटते. त्यावर उपाय असा सापडला की, चिमूटभर तांदळाची पिठी बोटाने अक्षरांवरून फिरवायची आणि वरवरची पिठी कोरड्या फडक्याने अलगद पुसून टाकायची. पिठी ठिपक्यांमध्ये बसून राहते आणि नाव पांढरे, स्पष्ट उठून दिसते. अशा त्रेसष्ट वाट्या-फुलपात्रांची नावे एकापाठोपाठ एक लावली, तेव्हा 1959 पासून 1981 पर्यंतची घरातील बारशी, मुंजी, लग्ने आणि एक साठीशांत एवढे सगळे क्रमाने उलगडत गेले. भांडी आता एका आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात वापरात आहेत. एरवी एखादी वाटी काढून देतानाही ज्यांचा हात अडखळत असे, त्या माझ्या यजमानांनी ती पोती स्वतः उचलून टेम्पोत ठेवली.

आपणही वस्तू सोडताना फोटो काढले असतील, तर तो अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. वस्तू कोणती होती, कुणाकडे गेली, फोटोने मन हलके झाले की नाही, हे सारे येऊ द्यावे. पस्तावा झाला असेल तर तोही अवश्य लिहावा. आलेली उत्तरे पुढे लिहिणाऱ्यांच्या गावांच्या नावाखाली दिली आहेत.

वरळी

आम्ही बीडीडी चाळीतले. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींमधील आमची खोली 160 चौरस फुटांची होती आणि त्यात एके काळी नऊ माणसे राहत होती. पाचशे चौरस फुटांच्या नव्या घराची चावी 2025 च्या ऑगस्टमध्ये हाती आली. घर तिपटीने मोठे झाले, मग वस्तू टाकायची वेळ का आली, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर असे की, आमच्या बहुतेक वस्तू त्या खोलीच्या मापाने केलेल्या होत्या. भिंतीत ठोकलेली फळी, दाराच्या वरच्या जागेत बरोबर बसणारी पत्र्याची पेटी, पाण्याचे पिंप आणि त्यावर झाकण म्हणून ठेवलेला पाट यांतील एकही वस्तू त्या खोलीबाहेर उपयोगाची नव्हती.

माझे सांगणे एवढेच आहे की, वस्तू हलवण्यापूर्वी ती जिथे आहे तिथेच तिचा फोटो काढावा. खोली रिकामी करताना मी सर्व सामान बाहेरच्या सामायिक मार्गिकेत मांडले आणि तिथे एकेका वस्तूचा नीट, उजेडात फोटो काढला. आज ते फोटो पाहताना पेटी दिसते, पण ती उतरवायला वडील ज्या स्टुलावर चढत ते स्टूल दिसत नाही, आणि पेटीखाली भिंतीवर आमच्या उंचीच्या खुणा होत्या त्याही दिसत नाहीत. माझ्या धाकट्या भावाने मात्र त्याआधी आठवडाभर, कुणाला न सांगता, घर जसे होते तसे टिपून ठेवले होते. आई आज त्याच फोटोंवर बोट ठेवून, कुठे काय होते ते नातवंडांना सांगते.

नागपूर

मी ग्राहकवर्तन हा विषय शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाशी माझा संबंध अभ्यासाचाही आहे. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांमध्ये सत्र संपताना वस्तू दान करण्याचे आवाहन केले गेले. काही ठिकाणी नुसते आवाहन होते, तर काही ठिकाणी ‘वस्तूचा फोटो काढा आणि मग द्या’ असे सांगितले होते. फोटो काढण्यास सांगितलेल्या वसतिगृहांतून 613 वस्तू आल्या, इतर वसतिगृहांतून 533. हा शोधनिबंध 2017 साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा की, वस्तू देताना माणसाला वस्तूपेक्षा तिच्याशी जोडलेला स्वतःचा एखादा भाग हरवण्याची भीती वाटत असते, आणि आठवण जपली जाणार असल्याची खात्री पटली की ती भीती कमी होते.

हे वर्गात शिकवूनही वडिलांची चेतक स्कूटर मला सहा वर्षे मोडीत काढता आली नाही. तळाचा पत्रा गंजून पाय खाली जाऊ लागला होता, तरीही. शेवटी फोटो काढायला बसलो तेव्हा पूर्ण स्कूटरचा फोटो मला परका वाटला, कारण ती तशी उभी असलेली आम्ही कधी पाहतच नव्हतो. मी मागे बसत असे आणि वडिलांच्या खांद्यावरून मला वेगाचा काटा आणि हँडलवरचा घासून गुळगुळीत झालेला रबर एवढेच दिसत असे. मग मागच्या सीटवर बसूनच फोटो काढला. गाडीची नोंदणी रद्द करण्यापूर्वी चेसिस क्रमांकावर कागद धरून, वरून पेन्सिल घासून त्याचा छाप घेतला. वाहन नावावर करताना वडिलांनी असाच छाप घेतल्याचे मला आठवत होते. तो कागद आणि तो एक फोटो एवढेच ठेवले आहे, आणि मला ते पुरते.

सांगली

माझा अनुभव पस्ताव्याचा आहे. आजीचा तांब्याचा हंडा आणि पितळी बंब आम्ही घाईघाईने मोडीला दिला. घरी फोटो काढायचा राहून गेला, म्हणून दुकानात काट्यावर ठेवल्यावर मी मोबाइल काढला. त्यामुळे आज माझ्याकडे त्या हंड्याचा जो एकमेव फोटो आहे, त्यात तो आडवा पडलेला असून शेजारी वजनाचा आकडा दिसतो. तो फोटो पाहिला की हंडा आठवत नाही, व्यवहार आठवतो. दुकानदाराने घट किती धरली आणि भाव किती लावला, यावरून घरात आजही बोलणे होते. वस्तू द्यायचीच असेल, तर फोटो घरात, सकाळच्या उजेडात, शक्य असल्यास ती वापरणाऱ्या माणसाच्या हातात असताना काढावा. पाणी ओतताना हंड्याच्या गळ्यातून जो आवाज येई तो ध्वनिमुद्रित करता आला असता, हे मला फार उशिरा सुचले.

एडिसन, न्यू जर्सी

पुण्यातील घर आवरण्यासाठी मला अठरा दिवस मिळाले होते आणि परतताना तेवीस किलोंच्या दोन बॅगा, एवढीच मर्यादा होती. वडील गेल्यानंतर आई भावाकडे राहायला गेली, तरी त्या घरातील प्रत्येक वस्तूवर तिचाच अधिकार होता, आणि हे मी पहिल्या दोन दिवसांत विसरले. ती दुपारी झोपली असताना तिच्या साड्यांचे फोटो काढून मी त्यांचे दोन ढीग केले. उठल्यावर ती काहीच बोलली नाही, फक्त ‘द्यायच्या’ ढिगातील एक जांभळी इरकल काढून तिने पुन्हा कपाटात ठेवली. ती साडी मला कधी नेसलेलीही आठवत नव्हती. माझा जन्म झाला तेव्हा दवाखान्यातून घरी येताना ती तिने नेसली होती, हे त्या संध्याकाळी मला प्रथमच समजले.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. आई खुर्चीवर बसे, मी साडी तिच्या मांडीवर ठेवी आणि काठ-पदर उलगडत ती बोलू लागली की मी चित्रण सुरू करी. काही साड्यांना दोन वाक्ये, काहींना अर्धा तास लागला. साडी कुणाला द्यायची ते तीच सांगे. पूर्वी जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारावर यायची, तेव्हाही टोपलीत काय जाईल आणि काय नाही हे आईच ठरवत असे, मग आता ते मी का ठरवावे? आठ सुती साड्यांची एक गोधडी शिवून घेतली. ती माझ्या बॅगेत आली आणि इरकल अजून आईच्या कपाटात आहे. ज्या घरात वस्तूंचे मालक हयात आहेत, तिथे फोटो काढण्यापूर्वी त्यांना विचारावे, असे मी हात जोडून सांगेन.

सोलापूर

सर्व लिखाण आदराने वाचले, तरी थोडे वेगळे मत मांडतो. मी दीड वर्षात चार हजारांवर फोटो काढले आणि नंतर ते पाहण्याचेच मनावर दडपण येऊ लागले, कारण माळ्यावरचा पसारा मोबाइलमध्ये गेला होता, एवढाच फरक पडला होता. आता एका वस्तूचा एकच फोटो ठेवतो, त्याखाली दोन ओळी लिहितो आणि बाकीचे त्याच दिवशी पुसून टाकतो. ज्याखाली दोन ओळीही सुचत नाहीत, त्या वस्तूचा फोटो मी ठेवत नाही.

वाई

वस्तूंचे ठीक आहे, परंतु जुन्या कागदांच्या बाबतीत ‘फोटो काढला, आता रद्दीत द्या’ असे कृपया करू नये. आमच्या वाड्याच्या फडताळात लाल फडक्यात बांधलेला कागदांचा रुमाल निघाला. मजकूर मोडी लिपीत असल्याने घरात कुणालाच वाचता येईना. चुलत्यांनी मोबाइलवर भराभर फोटो काढले आणि रुमाल बाजूला सारला. ते फोटो मोडी जाणणाऱ्या एका शिक्षकांना दाखवले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी घडीवरची ओळ निसटलेली, कडेचा मजकूर कापला गेलेला आणि पाठीवरची नोंद टिपलेलीच नाही, असे निघाले. सुदैवाने मूळ कागद अजून घरातच होते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुन्या घरांतील असेच रुमाल गोळा करत, आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले त्यामागेही हीच तळमळ होती. आमच्या कागदांत वतनाची एक तक्रार, काही देण्याघेण्याच्या याद्या आणि एका लग्नाच्या खर्चाचा हिशेब आहे. मोठा इतिहास त्यात नसेल, पण ते टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. कागद जाणकारांच्या स्वाधीन केले आणि नीट काढलेले फोटो घरी ठेवले.

रत्नागिरी

आमच्याकडे प्रश्न तसबिरींचा आहे. माजघरात पूर्वजांच्या बारा तसबिरी होत्या आणि मुलाच्या चिपळूणच्या सदनिकेत एकही लावायला भिंत नाही. काचेवरून फोटो काढले तर तिरीप येते, म्हणून मागच्या चुका (बारीक खिळे) काढून, पुठ्ठा बाजूला करून मूळ छायाचित्रे बाहेर घेतली. इथे एक सावधगिरी सांगतो. दमट हवेने छायाचित्र काचेला चिकटले असेल, तर ते ओढून सोडवू नये, काचेसकटच फोटो काढावा. आमच्या दोन तसबिरी तशाच ठेवाव्या लागल्या.

पणजोबांच्या तसबिरीत पुठ्ठा आणि छायाचित्र यांच्यामध्ये आणखी एक छायाचित्र निघाले. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे, मागे रंगवलेला पडदा आहे, पाठीमागे काहीही लिहिलेले नाही. आमच्या पणजीच्या फोटोशी चेहरा जुळत नाही. पणजोबांचे पहिले लग्न लहानपणी झाले होते आणि ती बाळंतपणात गेली, एवढे आत्याने कधीतरी ऐकले होते, पण ती हीच का, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. बाकी नऊ तसबिरींचे फोटो सर्व भावंडांना पाठवले आणि चौकटी एका सुताराला दिल्या. या मुलीचा फोटोही मी काढला आहे. मूळ छायाचित्र मात्र पणजोबांच्या छायाचित्रामागे होते तिथेच परत सरकवले आणि मागच्या चुका पुन्हा ठोकल्या. ती तसबीर कुणी न्यावी, हे अजून ठरलेले नाही.