दिवसाला ४५ युरोत रोम: शहर बघितलं की नुसते पैसे वाचवले?

उंबरठा:
परवा भटकभवानीने इथे ‘रोम महाग नाही, तुम्हाला फिरता येत नाही’ असा धागा काढून पाच दिवसांचा हिशेब टाकला. रोजचे ४५ युरो, त्यात झोपणं, खाणं, फिरणं सगळं. लोकांनी वाहवा केली. मी गप्प बसणार होते, पण एका वाक्याने डोकं फिरलं. ‘सान लुईजी देइ फ्रान्चेझी चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची चित्रं बघायला दिव्याच्या पेटीत नाणं टाकू नका. दोन मिनिटं थांबा, कुणीतरी टाकतंच.’

अगं बाई, ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी! २०१९ च्या नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन गेले होते. कोपऱ्यातल्या कोनाड्यात मिट्ट अंधार, समोर वीसेक माणसं नुसती उभी. मी पर्स उचकटून एक युरो टाकला. दिवा लागला तशी सगळी पुढे सरकली आणि बाबा मागे राहिले. ते चष्मा पुसून वर बघतात तोवर खट्! अंधार. आणि ती वीस माणसं परत माझ्याकडे बघायला लागली.

हिशेबाचंही तेच. विमान नाही, व्हिसाचे ९० युरो नाहीत, हॉस्टेलवर वेगळा द्यावा लागतो तो मुक्काम-कर नाही. असा हिशेब मांडला तर मीही राजवाड्यात राहते.

भटकभवानी:
विमान-व्हिसा वगळून, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय. मुक्काम-कर राहिला, ती चूक माझी. बाकी उंबरठाताई, तुम्ही टॅक्सीने फिरलात, आनंद आहे. मी दीड वर्ष पगारातून बाजूला काढून गेले. आठ जणांच्या खोलीत वरचा पलंग, कॉफी उभ्यानेच (टेबलाशी बसलं की भाव वाढतो), जेवण म्हणजे वजनावर कापून मिळणारा पिझ्झा. विमानतळावरून १४ युरोची थेट गाडी सोडून ८ युरोची साधी लोकल. चर्चमधले पुतळे, म्हणजे बेर्निनीची संत तेरेसा फुकट, मायकेलअँजेलोचा मोझेस फुकट. पाणी तर रस्तोरस्ती. ते लोखंडी नळ अडीच हजारांच्या आसपास आहेत. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार येते, भांडंही लागत नाही. कलोसियम महिन्याच्या पहिल्या रविवारी, तेही फुकट.

चाकरमानी६८:
पहिला रविवार!! कृपा करून लोकांना हे सांगू नका. बायकोला घेऊन गेलो होतो. श्रावणी सोमवारी भीमाशंकरला उभं राहिल्यासारखं. अडीच तास रांग, आत गेल्यावर दिसल्या फक्त लोकांच्या पाठी. त्या दिवशी वाचलेल्या पैशांची संध्याकाळी गुडघ्याची मलमं घेतली. तिकीट काढा आणि मंगळवारी जा.

तांब्याभांडं:
मूळ भांडणात पडत नाही, पण त्या दिव्याचं एवढं काय? काराव्हाज्जोने ती चित्रं विजेसाठी काढलेली नाहीत. डावीकडच्या चित्रात उजेड उजवीकडून येतो, उजवीकडच्यात डावीकडून, म्हणजे दोन्हींत वेदीच्या बाजूने. कारण वेदीच्या वर खिडकी आहे. सकाळी जा, डोळे सरावू द्या, नाण्याची गरज नाही.

उंबरठा:
नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला ती खिडकी काय उजेड देणार? आणि नीट बघायचंच तर त्यातलं डावीकडचं ‘मॅथ्यूला बोलावणं’ बघा, जकातवाल्या मॅथ्यूला येशू शिष्य व्हायला बोलावतो ते. जकातवाल्यांचं टेबल, दारात येशू आलाय, दोघंतिघं वळून बघतायत. टोकाला एक पोरगा मात्र मान खाली घालून नाणीच मोजतोय, कोण आलंय याचा पत्ता नाही. भटकभवानी, तो पोरगा म्हणजे तू.

भटकभवानी:
😂 ताई, काही अभ्यासकांच्या मते तो पोरगाच मॅथ्यू आहे. म्हणजे थोड्या वेळात उठून संत होणारा. धन्यवाद!

खवचट_काका:
मुळात चर्चला पैसे का द्यायचे? त्यांच्याकडे काय कमी आहे?

उंबरठा:
आणि आपल्या देवळांकडे कमी आहे म्हणून दानपेटीत टाकता का, काका? ट्रेव्हीच्या कारंज्यात पाठमोरं उभं राहून नाणी फेकताना कुणाचा हात आखडत नाही. ती निदान गोळा करून कारितास या चर्चच्या सेवासंस्थेला, गरिबांसाठी जातात. दिव्याला नाणं टाकताना मात्र सगळे कफल्लक.

खवचट_काका:
मी ट्रेव्हीतही टाकलं नाही. पँथिऑन, ते जुनं रोमन देऊळ, २०२३ पर्यंत फुकट होतं, मग पाच युरो लावले. एकदा द्यायची सवय लावली की असंच होतं. अठराशे नव्वद वर्षांहून जुनी इमारत, बांधकामाचा खर्च अजून वसूल व्हायचाय का?

चाकरमानी६८:
काका, छताला नऊ मीटरचं भोक आहे, पाऊस आत येतो. फरशी पुसायला माणूस लागतो. 🙏
पण पहिल्या रविवारचं कुणी बोलतच नाही.

भटकभवानी:
बरं, ते नाण्याचं वाक्य काढते. पटलं म्हणून नाही, ताईंच्या बाबांसाठी. पण ‘पैसे वाचवले म्हणजे शहर बघितलं नाही’ हे मला मान्य नाही. बसचे पैसे नव्हते म्हणूनच मी रोज पंधरा-सोळा किलोमीटर चालले. तुमच्या टॅक्सीतून तेस्ताच्चोच्या बाजाराचा वास आला होता का?

उंबरठा:
ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला सोळा किलोमीटर चालवून दाखव, मग बोलू.

(वास नव्हता आला. आणि नळाला बोट लावायचं मला माहीतच नव्हतं. रोज बाबांसाठी पाणी विकत घेतलं.)

भटकभवानी:
किती बाटल्या?

उंबरठा:
तुझ्या दोन दिवसांच्या पिझ्झ्याएवढ्या. आता पुरे.