स्क्रेपर रंधा: ढलपी का येत नाही?

स्टॅन्ली ८० (दोन मुठींचा स्क्रेपर रंधा) चं पातं दगडावर चकचकीत केलं तरी शिसवीवर ढलपीऐवजी नुसता भुसा येतो, असं एकाने विचारलंय. दगडाने फक्त उतार तयार होतो. कापतो तो त्याच्या टोकाशी वळवलेला बारीक आकडा, म्हणजे हुकासारखी कड.

आधी कानशीने ४५ अंशाचा उतार सरळ करा, मग १००० ग्रिटच्या दगडावर घासा. सपाट बाजूची कंगोरी (घासताना उरलेली धातूची बारीक कड) पूर्ण काढा, नाहीतर आकडा दातेरी होतो. दोन्ही कोपरे किंचित गोल करा, म्हणजे लाकडावर ओरखडे पडत नाहीत. आता पातं वाइसमध्ये धरून, बर्निशरला (कड वळवायची कठीण, गुळगुळीत पोलादी दांडी) तेलाचा थेंब लावून, उताराच्या बाजूने ५० अंशांपासून सुरुवात करत तीनचार फेऱ्यांत ७५ पर्यंत न्या. जोर बेताचाच. फार दाबलं की आकडा खाली मुडपतो आणि पातं घसरत राहतं. स्क्रू ड्रायव्हरचा दांडा यासाठी वापरू नका, तो पुरेसा कठीण नसू शकतो.

बसवताना रंधा सपाट फळीवर ठेवा, तळाच्या पुढच्या कडेखाली एक कागद सरकवा. उतार मागच्या स्क्रूकडे. पातं फळीला टेकवून दोन्ही पकडस्क्रू आवळा. मग मागचा स्क्रू पात्याला जेमतेम टेकेपर्यंत फिरवा, त्यानंतर पाव फेरा, म्हणजे पातं मध्ये किंचित वाकतं. ढलपी पात्याच्या मध्यभागातूनच यायला हवी.