हिरवा चुडा आणि फोटो बूथचा हिरवा पडदा : मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न – महालचा छायाचित्रकार

नमस्कार. या लग्नसराईत मी नागपुरात स्टुडिओच्या जोडीला फोटो बूथचे काम सुरू केले. गांधीबागेतून आणलेले हिरवे कापड मागे लावतो, पाहुण्यांचा फोटो काढतो आणि संगणकावर मागचा हिरवा रंग कापून त्या जागी फुटाळा तलाव, झिरो माईल किंवा ताडोब्याचा वाघ बसवून चार बाय सहाचा प्रिंट तिथल्या तिथे हाती देतो.

गेल्या आठवड्यात काटोल रोडवरच्या एका लॉनवर नवरीने हौसेने फुटाळ्याचे चित्र निवडले. प्रिंट बाहेर आला तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांवरचा हिरवा चुडा जागोजागी पुसला गेला होता आणि बांगड्यांच्या जागी तलावाचे पाणी दिसत होते. तिने काही न बोलता फोटो आईच्या हातात दिला, आणि मला फार वाईट वाटले. हळदीच्या फोटोंतही पिवळ्या साड्यांच्या कडांना पोपटी झाक येते. मला दहा बाय दहाचा गाळा मिळतो, त्यामुळे माणसे पडद्यापासून जेमतेम दोन फुटांवर उभी राहतात. पुढच्या रविवारी डोहाळजेवणाचे काम आहे आणि तिथे हिरवी साडी असणारच. पडदा निळा घ्यावा, की सॉफ्टवेअर बदलावे?

उत्तर – धरमपेठकर

भाऊ, पडदा निळा घ्या. सॉफ्टवेअर बदलून हा प्रश्न सुटणार नाही. हिरवा रंग रूढ झाला त्याला कारण आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारणपणे निम्मे बिंदू हिरव्या रंगाचे आणि तांबड्या व निळ्याचे प्रत्येकी एक चतुर्थांश असतात, म्हणून कमी प्रकाशातही हिरवा पडदा स्वच्छ कापला जातो. पण ही सोय ज्यांच्या अंगावर हिरवे नसते त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे चुडा हिरवा, शालू हिरवा आणि डोहाळजेवणाची साडीही हिरवी, तेव्हा कपड्यांचा रंग आधी विचारून मगच पडदा ठरवावा, असे मला मनापासून वाटते. निळ्या पडद्याला प्रकाश जास्त लागतो, नाहीतर कडांना दाणे दिसतात, आणि निळी पैठणी किंवा जीन्स असेल तेव्हा हिरवाच बरा. म्हणून दोन्ही पडदे गाडीत ठेवावेत.

मात्र तुमच्या अडचणीचे मूळ त्या दोन फुटांत आहे. माणूस पडद्याला चिकटून उभा राहिला की पडद्यावरून परतलेला हिरवा उजेड काचेच्या बांगड्यांवर, जरीवर, दागिन्यांवर आणि मुंडावळ्यांच्या मोत्यांवर पडतो, आणि संगणक त्यालाही पडदा समजतो. शिवाय माणसाची सावली पडद्यावर पडल्यामुळे तिथला हिरवा काळपट होतो. ती सावली काढण्यासाठी आपण टॉलरन्स, म्हणजे पडद्याच्या रंगापासून किती वेगळी छटा कापायची ती मर्यादा, वाढवतो आणि त्या वाढीव टॉलरन्समध्ये गडद हिरवा चुडाही जातो. माणूस सहा फूट पुढे आणा, जमिनीवर टेपने खूण करा आणि पडद्याला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र, सारखा उजेड द्या. त्यासाठी पंधरा फूट खोलीची जागा करारातच मागून घ्यावी.

हळदीचे म्हणाल, तर पिवळ्यात तांबड्याइतकाच हिरवा असतो. पोपटी झाक घालवायला डीस्पिलचा, म्हणजे कडांवरचा हिरवा कमी करणाऱ्या सोयीचा, जोर वाढवला की तोच हिरवा कमी होतो आणि हळद केशरी दिसू लागते. तिथेही निळा पडदाच लावावा.

उत्तर – लॉनवरची लाइट

वरच्या उत्तराशी सहमत आहे, फक्त आपल्या उन्हाळ्याची एक गोष्ट जोडतो. मे महिन्यात लॉनवर कूलर लागतातच, आणि त्यांचा झोत पडद्याकडे असला तर कापड फुगते, सुरकुत्या हलतात आणि दर फोटोत सावली वेगळी पडते. कापड चौकटीवर चारही बाजूंनी क्लिपांनी ताणून बसवावे आणि कूलर पाहुण्यांच्या रांगेकडे वळवून घ्यावा. रांगेतली म्हातारी माणसे दुवा देतील. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगांची जुळवणी, हीही हाताने ठरवून ठेवावी, कारण ऑटोवर असताना मागच्या एवढ्या हिरव्यामुळे चेहरे गुलाबी-जांभळे येतात.

उत्तर – इतवारीची ताई

मागच्या चित्रांकडेही लक्ष द्यावे, ही विनंती. चित्रातला उजेड डावीकडून आणि माणसावरचा उजवीकडून असेल, तर कडा कितीही स्वच्छ कापल्या तरी माणूस चिकटवल्यासारखा दिसतो. चित्र उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असावे आणि चार बाय सहा इंचांच्या प्रिंटसाठी किमान १८०० बाय १२०० पिक्सेलचे असावे. चित्रात झाडे असली तरी घाबरू नये. कापला जातो तो कॅमेऱ्यासमोरचा हिरवा, चित्रातला नाही.

महालचा छायाचित्रकार

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी स्टुडिओत बायकोच्या हातात हिरव्या बांगड्या घालून, तिला जुन्याच हिरव्या पडद्यापासून सहा फूट पुढे उभे केले आणि टॉलरन्स निम्म्यावर आणला. बहुतेक बांगड्या शाबूत राहिल्या, पण काचेच्या चकाकत्या कडांवर दोन ठिकाणी तलाव अजून डोकावतो आहे. डोहाळजेवणासाठी निळे कापड उद्याच आणतो. त्या नवरीचा मूळ फोटो माझ्याकडे आहे; बांगड्यांचा भाग हाताने दुरुस्त करून नवा प्रिंट तिच्या माहेरी पोहोचवणार आहे.