मदत हवी आहे : खेळाच्या क्लबांनी केलेलं समाजकार्य आणि एकमेकांना दिलेला आधार, याचं मोल कसं ठरवायचं?

पेठेतली

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. इंग्लंडमध्ये मिडलंड्स भागातल्या एका विद्यापीठात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या हिवाळ्यात चार वाजायच्या आत अंधार पडायला लागला आणि खोलीत जीव रमेना, म्हणून बॅडमिंटन क्लबात गेले. तिथेच रुजले. यंदा स्टुडंट्स युनियनच्या क्रीडा समितीवर निवडून आले आणि एक काम अंगावर आलंय. त्यात तुमची मदत हवी आहे.

इथली रीत थोडक्यात सांगते. विद्यापीठातले खेळांचे क्लब विद्यार्थीच चालवतात. कॅप्टन, खजिनदार, वेल्फेअर सेक्रेटरी (सभासदांची विचारपूस, काळजी पाहणारा), सगळे निवडून येतात. आंतरविद्यापीठीय सामने बीयूसीएस ही संस्था भरवते. 2008 साली दोन जुन्या संस्था एकत्र होऊन ती झाली. सामने बहुतेक बुधवारी दुपारी असतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या दुपारी तास ठेवत नाहीत. सामन्यांचे गुण मिळतात, त्यामुळे वर्षअखेरीला ‘उत्तम संघ’ निवडताना फारसा वाद होत नाही. आकडे समोर असतात.

वाद होतो तो समाजकार्याच्या पारितोषिकावरून. आजवर ज्याने जास्त पैसे जमवले त्याला ते मिळत आलंय. गेल्या वर्षी एका मोठ्या क्लबाला मिळालं. शंभराच्या वर सभासद. नोव्हेंबरभर सगळ्यांनी मिशा वाढवल्या आणि मूव्हेंबरसाठी साडेसहा हजार पौंड जमवले. (2003 साली मेलबर्नमध्ये सुरू झालेली ही चळवळ. प्रोस्टेट आणि वृषणाचा कर्करोग, पुरुषांचं मानसिक आरोग्य यांसाठी पैसा उभा करते.) काम चांगलंच होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच वर्षी आमच्या क्लबात जे घडलं ते कुठल्याच फॉर्मात बसलं नाही.

आमच्यातल्या एका मुलीचे वडील डिसेंबरात तिकडे तिच्या देशात वारले. तिला वेळेत विमान मिळालं नाही. अंत्यविधी तिने फोनवर पाहिला. पुढच्या नऊ रात्री आमच्याच क्लबाच्या दुसऱ्या संघातल्या पाच मुली आळीपाळीने तिच्या खोलीत झोपल्या. कुणी वरण-भातासारखं काहीतरी शिजवलं, कुणी तिच्या प्राध्यापकांना पत्रं लिहून निबंधाची मुदत वाढवून घेतली. एकीने तर काहीच केलं नाही, नुसती शेजारी बसून राहिली. या मुली काही जिवलग मैत्रिणी नव्हत्या, आठवड्यातून दोनदा एकत्र खेळायच्या एवढंच.

मी कॅप्टनला म्हटलं, नामांकन भर. ती म्हणाली, त्या मुलीला विचारल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. तिला विचारलं तर ती म्हणाली, “त्यांना जरूर द्या. पण माझी गोष्ट सांगू नका.” तिथेच सगळं थांबलं.

मी लहानपणापासून पेठेत हेच पाहत आलेय. आमच्याकडे फुटबॉलचा संघ तालमीच्या नावाने ओळखला जातो. शाहू स्टेडियमवर एकमेकांशी ईर्षेने भिडणारी पोरं 2019 च्या महापुरात एकाच रस्त्यावर खिचडीची पातेली उतरवत होती. कुणाच्या घरी मयत झालं की तालमीची पोरं सांगावं न लागता हजर असतात. तिथे त्याला कुणी पारितोषिक देत नाही, आणि द्यावं लागतही नाही, कारण सगळ्या पेठेला माहीत असतं. इथे दर तीन वर्षांनी सगळी माणसं बदलतात. कॅप्टन पदवी घेऊन निघून गेली की तिच्याबरोबर क्लबाची आठवणही जाते. म्हणून कुठेतरी नोंद राहावी असं मला मनापासून वाटतं.

दोन आठवड्यांत समितीपुढे एक पानाचा प्रस्ताव ठेवायचा आहे. मी अडलेय ती इथे : पैशांची तुलना न्याय्य कशी करायची? कुणाचंही दुःख चव्हाट्यावर न आणता आधाराची दखल कशी घ्यायची? आणि या गोष्टीत पहिला-दुसरा क्रमांक काढावा की काढूच नये?

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), मंडळं, ग्रामस्पर्धा, कशाचाही अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त मास्तर

बाळ, मी बारा वर्षं कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो. ही योजना 1969 सालची, आणि तिचा नियम असा की स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास भरायचे, शिवाय सात दिवसांचं एक शिबिर. तासांची वही असायची. तुला सांगतो, त्या वहीवर मी हजारो सह्या केल्या, पण वहीवरून मुलगा कसा आहे हे मला एकदाही कळलं नाही. काही मुलं तास भरायला यायची आणि ग्रेस मार्क घेऊन जायची. काही मुलं तास संपल्यावरही गावातल्या म्हातारीचं रेशन आणून द्यायला थांबायची.

मला कळायचं ते दुसऱ्या वर्षी. शिबिराच्या गावात परत गेलो की लोक काही मुलांची नावं घेऊन विचारायचे, “तो पोरगा नाही आला का यंदा?” म्हणून माझं सांगणं एवढंच, की ज्याने काम केलं त्याला विचारू नकोस. ज्याच्यासाठी काम झालं त्याला विचार, आणि लगेच नको, काही महिने जाऊ देत. क्लब ज्या संस्थेसाठी पैसे जमवतो तिथून दोन ओळींचं पत्र माग : हे लोक परत आले का?

पेठेतली

काका, “परत आले का” हे वहीत लिहून ठेवलं. आमच्याकडे दरवर्षी संस्था बदलायची फॅशन आहे, त्यामुळे हा प्रश्न चांगलाच टोचणार आहे.

लीड्सकर

ताई, मी इथल्या एका युनियनमध्ये चार वर्षं नोकरी केली आहे, त्यामुळे आधी व्यवहाराचं बोलतो.

एकूण रकमेची तुलना करूच नका. ज्या क्लबातल्या मुलांचे आईबाप सुस्थितीतले, त्यांची रक्कम फुगते. त्यात गिफ्ट एड असतं. करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर संस्थेला सरकारकडून 25 पेन्स जास्त मिळतात. पण देणाऱ्याने तेवढा कर भरलेला असावा लागतो. विद्यार्थी बहुतेक कर भरतच नाहीत, म्हणजे मित्रांकडून दोन-दोन पौंड गोळा करणाऱ्या क्लबाला हा वाढावा मिळत नाही. निदान तुलना करताना गिफ्ट एड वगळा. देणग्या गोळा करायला रस्त्यावर बादली घेऊन उभं राहायचं असेल तर आधी कौन्सिलचा परवाना लागतो. तो घेतला होता का, हेही फॉर्मात विचारा. चांगलं काम नीट करणं हाही गुणच आहे.

तास मोजायचे म्हणत असाल तर एक धोका. आपली मुलं स्टुडंट व्हिसावर असतात, सत्र चालू असताना पदवीच्या मुलांना काम करायला आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते. ठरावीक तास बांधून घेतलेलं विनावेतन कामही त्यात धरलं जातं. सवडीने केलेली सेवा धरली जात नाही. या दोन्हींतली रेघ बारीक आहे. पारितोषिकासाठी तास वाढवायची चुरस लागली तर परदेशी मुलं नकळत अडचणीत येतील. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या सल्लागारांना आधी विचारून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते गोष्ट मागूच नका, घडी मागा. म्हणजे क्लबाने आधाराची काय व्यवस्था लावून ठेवली आहे ते विचारा. वेल्फेअर सेक्रेटरीला प्रशिक्षण मिळालंय का? नव्या मुलांच्या स्वागताला दारू नसलेला निदान एक कार्यक्रम असतो का? रात्रीच्या पार्टीत न पिता सगळ्यांना घरी पोचवणारं कोण असतं, आणि ते आधी ठरलेलं असतं का? एखादी खेळाडू सलग दोन सरावांना आली नाही तर तिला कोण फोन करतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या क्लबाला पटकन देता येतं, तिथे माणसं एकमेकांना धरून असतात, हे मी चार वर्षं पाहिलंय. आणि यात कुणाचंही नाव लागत नाही.

रानजाई

मी नाशिकला मानसोपचारतज्ज्ञ आहे. विषय महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं विरोधी बोलते.

मित्रमैत्रिणींच्या आधाराला मी फार मानते. इंग्लंडात तर रात्री फोनवर विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांचं ऐकून घ्यायची नाइटलाइन 1970 साली एसेक्स विद्यापीठात सुरू झाली, आणि ती कल्पना पुढे कितीतरी विद्यापीठांत पोचली. पण नाइटलाइनवर बसणाऱ्याला आधी शिकवलं जातं, त्याची पाळी संपते, तो घरी जातो. तुमच्या त्या पाच मुलींची पाळी नवव्या रात्री संपली, ती कशी संपली? त्यांच्याशी नंतर कुणी बोललं का? वीस वर्षांच्या मुलीने दुसरीचं दुःख रात्रभर उशाशी घ्यायचं आणि सकाळी परीक्षेला जायचं, याला आपण ‘किती छान’ म्हणून पारितोषिक देऊ लागलो, तर पुढच्या वर्षी कुणीतरी झेपणार नाही एवढं ओझं उचलेल. जिवाला धोका असलेल्या माणसाला क्लबाने एकट्याने सांभाळायचं नसतं.

म्हणून फॉर्मात हाही प्रश्न हवा : तुमच्या हाताबाहेरचं आहे हे कधी ओळखता, आणि मग कुणाकडे नेता? सगळ्या क्लबांच्या हातात मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचे नंबर असू देत. तिकडे समॅरिटन्सचा 116 123 आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. इकडे भारतात टेलिमानसचा 14416. तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या घरच्यांनाही इकडे आधार लागतो, म्हणून दोन्ही देते आहे.

पेठेतली

रानजाई, तुमचा प्रश्न वाचून मी आज त्या पाचही जणींना भेटले. खरं सांगते, वर्षभरात त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. एक जण म्हणाली की त्यानंतर महिनाभर तिला स्वतःच्या वडिलांना रोज फोन केल्याशिवाय झोप येत नसे. हा मुद्दा प्रस्तावात सगळ्यात वर घालते आहे.

कोरेगावकर

क्रमांक काढावा की नाही यावर बोलतो. 2016 ला पहिला वॉटर कप (श्रमदानाने पाणी अडवायची-जिरवायची गावांची स्पर्धा) झाला तेव्हा वरूड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव असे तीनच तालुके होते. आमच्या तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. मी शेजारच्या गावचा. स्पर्धा नसती तर उन्हाळ्यात टिकाव-फावडं घेऊन एवढी माणसं बाहेर पडली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ईर्षा वाईट नसते. पण आम्हाला पहिला क्रमांक मिळाला नाही म्हणून बांध काही फुटले नाहीत, पाणी मुरायचं तिथे मुरलंच.

पैसे, श्रमदान, रक्तदान यांत क्रमांक काढा, बिनधास्त काढा. आधार देण्यात काढू नका. तिथे पाणी किती मुरलं हे वरून दिसत नाही.

लीड्सकर

कोरेगावकरांशी सहमत. आणि रक्तदानावरून आठवलं. पैसे न लागणारं एक काम आहे ज्यात आपली मुलं पुढे येऊ शकतात. अँथनी नोलन ही संस्था रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारांच्या रुग्णांसाठी मूळपेशी (स्टेम सेल) दात्यांची नोंदवही ठेवते, नाव 16 ते 30 या वयात नोंदवता येतं. गालाच्या आतून बोळा फिरवून द्यायचा, बस. विद्यार्थ्यांचे गट 1998 पासून अशी शिबिरं भरवतात, सुरुवात नॉटिंगहॅमच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी केली. दक्षिण आशियाई वंशाचे दाते कमी असल्याने आपल्यातल्या रुग्णांना जुळणारा दाता मिळणं जास्त अवघड जातं. चाळीस सभासदांच्या क्लबाने एका बुधवारी हे टेबल लावलं, तर त्याची किंमत पौंडात कशी लावणार?

पेठेतली

मंडळी, प्रस्ताव दिला. काय झालं ते सांगते.

पैशांचं पारितोषिक वेगळं ठेवलं. त्यात गिफ्ट एड वगळून सभासदामागे किती जमले ते पाहायचं, आणि संस्थेचं “हे परत आले का” पत्र जोडायचं. दाता-नोंदणी आणि श्रमाचं काम याला दुसरं पारितोषिक; त्यात तास मोजायचे नाहीत. आधारासाठी क्रमांक नाही. ज्या क्लबांची घडी नीट आहे त्या सगळ्यांना मान्यतेचं पत्र, आणि त्यांच्या वेल्फेअर सेक्रेटरींना युनियनच्या खर्चाने प्रशिक्षण. शिवाय अशा प्रसंगानंतर आधार देणाऱ्यांशी दोन आठवड्यांच्या आत युनियनच्या माणसाने बोलायचं. ही शेवटची अट समितीने एकमताने घेतली. सभासदामागे रक्कम काढायला मोठ्या क्लबांचा विरोध झाला, ते पुढच्या बैठकीवर गेलं आहे. त्यासाठी मी पुन्हा उभी राहणार आहे.

मसुदा द्यायच्या आधी मी त्या मुलीला वाचायला दिला होता. तिने सगळं वाचलं आणि एकच शब्द बदलला. “सलग दोन सरावांना आली नाही तर तिला कोण फोन करतं” यातलं ‘फोन करतं’ खोडून तिने लिहिलं, “तिच्याकडे कोण जातं.” मी विचारलं, का गं? ती म्हणाली, “फोन मी उचलतच नव्हते. त्या दारात आल्या.”

प्रश्न तसाच गेला आहे.