पगार बघायचा तर मध्यक बघा

तुमच्या भाचीला संख्याशास्त्र आवडतं, पण घरचे पॅकेजकडे बघून कॉम्प्युटर इंजिनियरिंगच म्हणतायत, हे वाचून राहवलं नाही. कमाईचा विचार करू नका असं मी म्हणणार नाही. शैक्षणिक कर्ज काढायचं असेल तर तो करायलाच हवा. पण कॉलेजच्या फ्लेक्सवर झळकतं ते सर्वांत मोठं पॅकेज, फार तर सरासरी. दोन-तीन मुलांना गलेलठ्ठ पगार मिळाला की सरासरी फुगते. एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीसाठी, कॉलेजं जी माहिती भरतात तिच्यात मध्यक पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला येतो तो) असतो, शिवाय किती मुलं वेळेत पास झाली आणि किती जणांना नोकरी लागली हेही. एक संध्याकाळ त्यावर घालवाच.

आणि संख्याशास्त्रात पैसा नाही हे कुणी सांगितलं? विमा कंपन्यांना अ‍ॅक्चुअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारे तज्ज्ञ, लागतात; त्याची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढचे पेपर कठीण, वर्षं जातात, हे खरं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, तर विद्यावेतन मिळत आलंय. तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते, सीईटीच्या गडबडीत तो अर्ज राहून जातो. भाचीला आजच सांगा.