कंपनीच्या पोर्टलवरचा रिपोर्ट क्रोममध्ये कोरा येतोय, काय करू?

फोंडा_हिशेब
नमस्कार मंडळी. मी फोंड्याला एका डिस्ट्रिब्यूटरकडे अकाउंट्स बघते. ज्या कंपनीचा माल आम्ही विकतो तिच्या पोर्टलवरून रोज सकाळी सेल आणि क्लोजिंग स्टॉकचा रिपोर्ट काढावा लागतो, इतकी वर्षं विंडोज ७ चा पीसी होता, त्यावर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सगळं व्यवस्थित चालायचं. गेल्या आठवड्यात पावसात लाइट सारखी ये-जा करत होती त्यात तो गेला, शेठनी नवीन विंडोज ११ चा आणला आणि तेव्हापासून त्रास सुरू. क्रोममध्ये लॉगिन होतं, तारीख टाकून व्ह्यू रिपोर्ट दाबलं की चक्र फिरतं, वरची पट्टी येते आणि खाली नुसतं पांढरं. प्रिंटचं बटणच गायब. हेल्पलाइनवाले कॅशे क्लिअर करा एवढंच सांगतात, तीनदा केलं. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न) भरायचाय, मला खरंच टेन्शन आलंय.

म्हापसेकर
आमच्याकडे अशा कामासाठी विंडोज ७ चा एक लॅपटॉप ठेवलाय, त्यावर चालतं. कोणाकडे असेल तर तात्पुरता मागून घ्या.

डिचोली_सिस्टिम
म्हापसेकर, राग मानू नका पण तो लॅपटॉप नेटवरून काढा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमसुद्धा त्यावर १०९ च्या पुढे जात नाही. त्यावरून पार्टीचे हिशेब आणि पासवर्ड जाणार, नको तो धोका.
ताई, तुमच्या पीसीत काही बिघाड नाही. अ‍ॅड्रेसमध्ये रिपोर्टव्ह्यूअर असं काही दिसतंय का बघा, असेल तर तो बहुतेक एसएसआरएसचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट सर्व्हरचा, २०१६ च्या आधीचा रिपोर्ट आहे. त्या काळी पान एक्सप्लोरर धरूनच बनवायचे. रिपोर्ट ज्या चौकटीत येतो तिची उंची क्रोमला नीट कळत नाही, म्हणून डेटा आलेला असूनही दिसत नाही, आणि प्रिंटचं बटण अ‍ॅक्टिव्हएक्सवर, म्हणजे एक्सप्लोररच्या एका जोडप्रोग्रामवर चालायचं, ते क्रोममध्ये नाहीच. एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला, पण मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमध्ये त्याचा मोड आहे, निदान २०२९ पर्यंत ठेवणार म्हणून मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. एज उघडा, सेटिंग्ज, डीफॉल्ट ब्राउझर, तिथे इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये साइट रीलोड करायला अलाउ करा, एज बंद करून परत उघडा आणि पोर्टलचा पत्ता खालच्या यादीत घाला. ही नोंद ३० दिवसांनी जाते, तेव्हा परत घालायची. फक्त हीच साइट घाला हां, बाकीचं ब्राउझिंग त्या मोडमध्ये करू नका.

फोंडा_हिशेब
दिसला!! पण आता दुसरंच. टोटल आमच्या टॅलीशी (हिशेबाचं सॉफ्टवेअर) जुळत नाही, बरीच कमी येतेय. सकाळपासून एकेक बिल तपासतेय, डोळे दुखायला लागले.

साखळी_एक्सेल
ताई बिलं बाजूला ठेवा आधी. वरच्या पट्टीत पानाच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह आहे का, म्हणजे १ ऑफ २ आणि पुढे ?. ते चिन्ह असलं की रिपोर्टने पुढची पानं अजून मोजलेलीच नसतात, २ हा नुसता अंदाज असतो. तुम्ही बघताय ती पहिल्या ग्रुपची टोटल असणार, शेवटच्या पानाचा बाण दाबा मग खरा आकडा येईल. माझी पूर्ण एक महिन्याची शीट याच्यामुळे चुकली होती, म्हणून कळकळीने सांगतेय. कोरा रिपोर्ट निदान कळतो तरी, अर्धा दिसला की आपण तोच खरा धरतो. मी तर स्क्रीनवरून आकडा उचलतच नाही, एक्सपोर्ट करून एक्सेल घेते, त्यात सगळी पानं येतात. प्रिंट हवी तर पीडीएफ काढा, अ‍ॅक्टिव्हएक्सच्या भानगडीत पडायलाच नको.

फोंडा_हिशेब
प्रश्नचिन्ह होतं! बाण दाबला तर १४ पानं निघाली आणि टोटल टॅलीशी पैशापर्यंत जुळली. पीडीएफ पण आली.

डिचोली_सिस्टिम
छान झालं. आता कंपनीला मेल टाका, ब्राउझरचं नाव, व्हर्जन आणि कोऱ्या पानाचा स्क्रीनशॉट लावून. रिपोर्ट सर्व्हर अपग्रेड करणं त्यांचंच काम आहे, दर ३० दिवसांनी यादी भरत बसणं तुमचं नव्हे.

फोंडा_हिशेब
आत्ताच पाठवला, आमच्यासारखे बाकीचे डिस्ट्रिब्यूटर पण अडले असतील म्हणून त्यांनाही कळवते. चवथीच्या आधी हे सुटलं, सगळ्यांना देव बरें करूं.